अंगणात घडलेली जीप

बीड जिल्ह्यात जुनी जीप अजून का टिकून आहे, याचं उत्तर इथल्या जमिनीत आहे. जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग आडवी गेली आहे. वर आष्टी-पाटोद्याची हलकी, मुरमाड माळरानं आणि खाली गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी जमीन. माळावर चाक घसरतं आणि काळ्या रानात पहिल्या मोठ्या पावसानंतर ते रुतून बसतं. पांदण रस्त्याने ऊस, कडबा किंवा पाण्याची टाकी ओढायची तर दोन चाकांची ताकद पुरत नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते, आणि बिघडली तर ती गावातच उघडता यायला हवी. या दोन्ही अटींना उतरणारी एकच गाडी आमच्या भागाला दीर्घकाळ माहीत होती.

गेल्या पन्नासेक वर्षांत या जीपमध्ये जे बदल झाले, त्यांतले कितीतरी घरासमोरच्या अंगणात आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात झाले. त्यांचा मागोवा घेताना माझं एक मत पक्कं होत गेलं आणि ते सुरुवातीलाच सांगतो. जीपची ताकद वाढवायची आपल्याला कायम घाई होती. ती थांबणार कशी, याकडे आपण फार उशिरा पाहिलं.

१९४५ साली लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. याच काळात अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग मुंबईला येऊ लागले आणि माझगावात गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे ‘सीजे ३बी’ हे मॉडेल इथेच तयार होऊ लागलं. उंच बॉनेटवरून ही गाडी लांबून ओळखू येते. तिच्या २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही वर चढलं.

मराठवाड्यात ही जीप आली ती बहुतेक सरकारी कामावर. १९६५ साली पायाभरणी झालेलं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरं झालं. त्याचा उजवा कालवा माजलगावकडे येतो. कालव्याची आखणी आणि १९७२ च्या दुष्काळातली रस्त्यांची, तलावांची कामं अशा ठिकाणी साहेबाची जीप उभी असायची. ती बंद पडली की गावातला पंपाचा किंवा ट्रॅक्टरचा मिस्त्री बोलावला जाई. अशा दुरुस्त्या करत आमच्याकडचे मिस्त्री जीप शिकले. पुस्तक कुणाकडे नव्हतं. गाडी मात्र अशी होती की झाकण काढलं की आतलं सगळं समोर दिसायचं.

पहिला मोठा बदल इंधनाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोल जीप शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून एक्सडीपी या २११२ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. इगतपुरीच्या कारखान्यात बनलेली ही इंजिनं नव्या जीपमध्ये आली, आणि भंगारात निघालेली इंजिनं जुन्या पेट्रोल जीपमध्ये चढू लागली. ही अदलाबदल कारखान्याने केली नाही. ती आमच्या अंगणांत झाली.

कडुलिंबाच्या जाड फांदीला किंवा लोखंडी तिपाईला साखळी-कप्पी बांधून जुनं इंजिन उचललं जाई. नवं ठेवायला चॅसीवरचे माउंटिंग कापून दुसऱ्या जागी वेल्डिंग करावे लागत. खरी परीक्षा पुढे होती. इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा. दोघांना जोडणारी प्लेट लेथवर कातून घ्यावी लागे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला नाही, तर बेअरिंग आणि क्लचप्लेट लवकरच जातात. चांगला लेथवाला ही प्लेट हातावेगळी करण्याआधी डायल गेज लावून पुन्हा पुन्हा फिरवून बघायचा. त्या अर्ध्या दिवसाच्या कामावर पुढची दहा वर्षं ठरत.

एक बदल केला की तो दुसऱ्याला ओढून आणतो, हे तेव्हा कळलं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचं. त्याला सुरू करायला जोर जास्त लागतो, म्हणून मोठी बॅटरी, आणि जुना डायनामो काढून अल्टरनेटर. धारूरच्या घाटात भर उन्हाळ्यात चढताना इंजिन तापून हेड गॅस्केट उडायचं, म्हणून जास्त रांगांचा रेडिएटर. त्याच्या मागे पंख्याभोवती पत्र्याचं वेटोळं बसवलं की पंखा सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढतो. हे वेटोळं महाग नसतं, तरी पुष्कळ गाड्यांवर ते नसायचं आणि मिस्त्रीला तापलेल्या इंजिनाचं कारण सापडायचं नाही.

यानंतर १९८० च्या दशकात ‘एमएम ५४०’ आली. तिच्यात डिझेल इंजिन मुळातच होतं. पोलीस, वन, महसूल अशा खात्यांत ती वर्षानुवर्षं फिरली आणि नंतर लिलावात निघाली. आमच्या घरी आलेली जीप अशाच लिलावातली. ताडपत्री फाटलेली, वायरिंगला जागोजागी चिकटपट्ट्या, पण चॅसी ठणठणीत. बीडच्या कोरड्या हवेचा हा मोठा उपकार. कोकणात इतक्या वयाच्या जीपच्या मागच्या पाट्यांचे हँगर गंजून गळालेले असतात. आमच्याकडे तारेचा ब्रश मारला की खालून मूळ लोखंड दिसतं.

त्या जीपवर घरीच काम करायचं ठरलं, तेव्हा घरातल्या तरुणांना आधी पॉवर स्टेअरिंग आणि मोठे टायर हवे होते. मिस्त्रीमामांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं आणि म्हणाले, “दादा, हे चाक असं हलतंय तोवर पॉवर स्टेअरिंगचं नाव काढू नका.” पुढचं चाक ज्यावर वळतं, त्या किंगपिनची बेअरिंगं झिजली होती. अशा गाडीची पुढची चाकं खड्डा लागला की थडथड नाचू लागतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. मामांनी बेअरिंगं बदलली. वरच्या-खालच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंगपिनचा ताण ठरवायचा असतो. तो मोजायला त्यांनी बाजारातला साधा ताणकाटा आणला, स्टेअरिंगच्या दांड्याला अडकवला आणि हळूच ओढला. चाक किती वजनाला वळतं, ते काट्यावर पाहायचं. जड वळलं तर एक चकती वाढवायची, सैल वळलं तर काढायची. दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत ते ओढत राहिले. विलीजच्या काळापासून हे माप याच पद्धतीने घेतलं जातं.

१९९० च्या दशकात जीप प्रवासी झाली. महिंद्राची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स या लांब गाड्या तालुक्याच्या रस्त्यांवर आल्या. बीड शहराला रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून बीडपर्यंत पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्याआधी आठवडी बाजार, दवाखाना, कॉलेज, लग्नकार्य या सगळ्यासाठी एसटी आणि एसटी नसेल तिथे काळी-पिवळी. फिलिपीन्समध्ये युद्धातल्या जीप लांबवून लोकांनी ‘जीपनी’ नावाच्या गाड्या उभ्या केल्या, तसंच इथे घडलं. मागे समोरासमोर बाकडी बसली, मागच्या बाजूला उभं राहायला पायरी आली, टपावर कॅरिअर चढलं. या गाड्यांनी खेड्यांना तालुक्याशी जोडलं आणि बेरोजगार पोरांना काम दिलं. त्यांचे हे उपकार मानलेच पाहिजेत.

पण याच काळात बदलांची दिशा चुकली. वजन वाढलं म्हणून मागे पाटे वाढवले, चढाला दम लागतो म्हणून पंपाचं डिझेल वाढवलं. ब्रेक मात्र ड्रमचे तेच राहिले. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो आणि पेडल दाबूनही गाडी धावत राहते. जुन्या विलीजमध्ये चारही चाकांच्या ब्रेकची एकच लाइन असे, म्हणजे एका चाकाकडे तेल गळलं की चारही चाकांचा ब्रेक जाई. इतकी माणसं बसवून अशी गाडी घाटात घालणं हा अपराध होता, आणि त्याची किंमत कित्येक घरांनी मोजली.

म्हणून आमच्या जीपवर पैसा आधी ब्रेकवर गेला. दोन वेगळ्या लाइनचा मास्टर सिलिंडर बसवला. एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. महिंद्राच्याच पुढच्या मॉडेलचे भाग घेऊन पुढे डिस्क केल्या. पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूम बूस्टर लावला. इथे एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आत ओढली जाताना आपोआप व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलमध्ये तो तसा मिळत नाही. त्यामुळे डिझेल जीपला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडे तो बहुतेकदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला येतो. म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा तुटला की बॅटरीचं चार्जिंग जातं आणि थोड्या वेळात ब्रेकचा आधारही जातो. जीपमध्ये जादा पट्टा आणि तो चढवायचा पाना ठेवलाच पाहिजे.

शेतात या जीपचं मोल वेगळंच. ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट होतो. २०१५-१६ च्या दुष्काळात वस्त्यांवर पाण्याची टाकी ओढताना या लो गिअरने काम केलं. पावसाळ्यात काळ्या रानातून निघताना पुढची चाकं जोडली, टायरमधली हवा थोडी कमी केली आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला, की गाडी सावकाश बाहेर येते. डांबरी रस्त्यावर आल्यावर पुढची चाकं सोडवायलाच हवीत. मधे डिफरन्शियल नसल्याने वळणावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि क्रॉस किंवा गिअर तुटतो.

२००० साली बोलेरो आली, २०१० साली थार. नव्या थारने ही हौस शहरांत नेली आणि जुन्या जीपला भाव आला. हरियाणातल्या मंडी डबवालीत घडवलेल्या उघड्या जीपही महाराष्ट्रात येऊ लागल्या. गाडीचं रूप देखणं, पण अनेकदा चॅसीचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी जुळत नाही. मोठे टायर लावले की स्टेअरिंग जड होतं, थांबायचं अंतर वाढतं, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. समोर जाड लोखंडी गार्ड लावायची फॅशन आली, तर त्यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईच्या सूचना दिल्या. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल, असा फेरफार करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. चॅसी कापून लांबी बदलण्याचे किंवा भलतीच बॉडी चढवण्याचे दिवस संपले.

याचा राग धरणारे पुष्कळ आहेत. मला हा निकाल योग्य वाटतो. आमच्याच रस्त्यांनी बेबंद फेरफारांचे परिणाम भोगले आहेत. जुनं जपणाऱ्याला कायद्याने अडवलेलं नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. सरकारी गाड्यांची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२३ पासून, लष्करी आणि बंदोबस्ताची खास वाहनं सोडता, १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मोडीत जातात. म्हणजे लिलावातून गावात येणाऱ्या जीपची वाट बंद झाली. आता ज्या आहेत, तेवढ्याच.

म्हणून ज्यांच्या दारात जुनी जीप उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे. ती भंगारात घालू नका आणि हौसेपायी तिची मोडतोडही करू नका. आधी कागद आणि चॅसीचा नंबर तपासा. इंजिन बदलणार असाल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्या आणि नोंद करून घ्या. मग ब्रेक, किंगपिन आणि स्टेअरिंग, त्यानंतर रेडिएटर आणि वायरिंग, आणि इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी. काढलेला मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा. आणि गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली एखादा पोरगा बसवा, कारण ताणकाट्याने किंगपिन लावणारे हात आता थोडेच राहिलेत.