पैसे मोजून वाघ: मध्य भारतातील शिकार कंपन्यांची पंचवीस वर्षे

स्वातंत्र्यानंतर पाव शतकभर मध्य भारतात वाघाची शिकार हा रीतसर धंदा होता. संस्थाने विलीन झाल्यावर राजेरजवाड्यांची राखीव राने वनखात्याकडे आली आणि परवान्याची फी भरणाऱ्या कोणालाही तिथे बंदूक घेऊन जाता येऊ लागले. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर या धंद्याचे मोठे ठाणे झाले. चांदा, बालाघाट, मंडला ही जंगले तिथून जवळ होती. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर नागपुरातच अॅलविन कूपर ही शिकार-सहलींची कंपनी काढली होती.

वनखात्याने जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक एका परवानाधारकाला मिळे आणि कोणते जनावर किती मारायचे, हे परवान्यावर नमूद असे. परदेशी पाहुण्याला या कागदपत्रांत पडावे लागत नसे. ब्लॉक आधीच मिळवून ठेवणे, तंबू, खानसामा, जीप, वाटाड्या शिकारी, कातडे खारवून पाठवणे, हे सारे कंपनी पाहत असे. संध्याकाळी निरनिराळ्या नाल्यांत हेले बांधले जात आणि सकाळी माणसे फिरून पाहून येत. एखादा हेला मारलेला आढळला की त्या ‘गाऱ्या’जवळच्या झाडावर मचाण बांधायचे, नाहीतर दिवसा हाका घालायचा. हाक्याला आसपासच्या गोंड वस्त्यांवरची माणसे येत. डबे बडवत, आरोळ्या ठोकत ती जखमी वाघाच्या वाटेवरही चालत. त्यांच्या हाती पडे ती दिवसाची मजुरी. पाहुण्याने डॉलरमध्ये मोजलेल्या रकमेत त्यांचा वाटा नव्हता.

हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा होता? पाहुण्याला हवे ते मिळे, सरकारला परकीय चलन मिळे. जंगलाच्या बाजूने मात्र तो तोट्याचाच ठरला. कंपनीचा ब्लॉकशी संबंध परवान्याच्या मुदतीपुरता होता. तिने एखादा वाघ राखला तरी पुढच्या पंधरवड्यात तो दुसऱ्या परवानाधारकाच्या गोळीला बळी पडणार, मग राखायचा कशाला? गावकऱ्याच्या दृष्टीने तर जिवंत वाघ म्हणजे गोठ्यातले जनावर नेणारा शत्रू. मेलेल्या गाईच्या मांसात कीटकनाशक घालून वाघ मारण्याचे प्रकार वाढले, यात नवल नाही. जंगलतोड, चोरटी शिकार, पीकसंरक्षणाच्या नावावर दिलेल्या बंदुका आणि कातड्यांचा व्यापार यांनीही वाघ घटले. सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही. पण परवाना पद्धतीत वाघ टिकावा अशी गरज कोणालाच नव्हती, आणि हा दोष मुळातला होता. १९४७ ते १९५१ या काळात विजयनगरमच्या महाराजकुमारांनी कान्हा परिसरात तीस वाघ मारले, तेही परवानगीनेच. त्यावर उठलेल्या संतापातून १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले.

१९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची परिषद भरली आणि वाघ धोक्यात असल्याचे जगापुढे आले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. परकीय चलन बुडेल, हा शिकार कंपन्यांचा युक्तिवाद टिकला नाही. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये मेळघाट, कान्हा यांसह नऊ ठिकाणी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. उरलीसुरली परवाना-शिकार १९९१ च्या दुरुस्तीने संपली.

पैसे घेऊन शिकार करू देणे सगळीकडेच फसले, असे मात्र नाही. पाकिस्तानात चित्रालच्या डोंगरांत मारखोर या रानबोकडाचे वर्षाला मोजकेच परवाने निघतात. एकेका परवान्याची किंमत दोन लाख डॉलरच्याही पुढे गेली आहे आणि त्यातले ऐंशी टक्के गावांना मिळतात. तिथले गावकरी चोरट्या शिकाऱ्यांना स्वतः अडवतात. मारखोरांची संख्या वाढली आणि २०१५ मध्ये जागतिक लाल यादीत त्यांचे स्थान ‘धोक्यात’वरून ‘संकटसमीप’ असे सुधारले. तिथे गोळी झाडली जाते ती वयस्क नरावर. कळपातला असा एक नर गेल्याने पैदास थांबत नाही. वाघाचे तसे नाही. इलाख्याचा नर मारला की नवा नर येतो आणि पहिल्याचे बछडे मारतो. एका परवान्याची किंमत अख्ख्या पिढीला भरावी लागते. त्यामुळे चित्रालचा हिशेब विदर्भाला लागू पडत नाही. भारताने बंदी घातली ते योग्यच केले.

चित्रालकडून घेण्यासारखे आहे ते पैशाच्या वाटपाचे. आज ताडोबात लोक वाघ पाहण्यासाठी पैसे मोजतात, जिप्सीबरोबर आसपासच्या गावांतले गाईड असतात. २००६ च्या कायदा-दुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठानांची आणि त्यांतून स्थानिकांच्या सहभागाची तरतूद केली आहे. गेटवर जमा झालेल्या रकमेतले किती पैसे बफरमधल्या कोणत्या गावाला मिळाले, याचा हिशेब दरवर्षी त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवला गेला पाहिजे.