तिला कुणी विचारलं का?

बँकेत २१ वर्षं काढल्यावर माणसाला एक खोड जडते. समोर कागद आला, की आधी अटी वाचायच्या. गेल्या उन्हाळ्यात नातीच्या टेबलावर एक इंग्रजी कादंबरी उघडी दिसली. तिच्यात १६ वर्षांची नायिका आणि तिच्या शाळेतला एक मुलगा चक्क करारनामा लिहीत होते. प्रेमात असल्याचं नाटक करायचं, त्याच्या अटी! खाली दोघांच्या सह्या. मी चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसलो.

ते जेनी हान यांचं २०१४ सालचं पुस्तक, 'टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर'. त्यातली लारा जीन आवडलेल्या प्रत्येक मुलाला पत्र लिहिते आणि पोस्टात न टाकता टोपीच्या डब्यात जपून ठेवते. एक दिवस ती सगळी पत्रं ज्याच्या त्याच्या पत्त्यावर जाऊन पोचतात. अशी पत्रं आमच्या पिढीनंही पुष्कळ लिहिली. आमची रद्दीत गेली, इतकाच फरक.

माझी गोडी नातीच्या ध्यानात आली. सुट्टी संपेपर्यंत तिनं मला अशी सात-आठ पुस्तकं वाचायला लावली.

खरं सांगायचं, तर सुरुवातीला मी वैतागलो. नाटकातलं प्रेम खरं होणार, हे तिसऱ्या प्रकरणातच कळतं. मुलं फार चटपटीत बोलतात. जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) मधल्या कॅन्सरग्रस्त हेझल आणि ऑगस्टसनं मला रडवलं, हे कबूल. पण त्या वयात इतकं नेमकं बोलणारी मुलं मी तरी पाहिली नाहीत. आणि पैसा? बहुतेक पुस्तकांत तो येतो कुठून, याचा पत्ताच लागत नाही.

याला अपवाद रेनबो रॉवेल यांच्या 'एलेनॉर अँड पार्क'चा. काळ १९८६चा, शहर अमेरिकेतलं ओमाहा. एलेनॉरच्या घरी टेलिफोन नाही, न्हाणीघराला दार नाही, सावत्र बापाची दहशत. शाळेच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या पार्कच्या लक्षात येतं, की आपलं कॉमिक ही मुलगी तिरप्या नजरेनं वाचते आहे. तो बोलत काहीच नाही. पान जरा जास्त उघडं धरतो आणि तिचं वाचून होईपर्यंत उलटत नाही. पार्कची आई कोरियन. तिच्या चित्रणावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पण ते थांबून राहिलेलं पान मला विसरता येत नाही.

मग आलं 'व्हेन डिंपल मेट रिशी' (२०१७). लेखिका संध्या मेनन, भारतात वाढलेल्या, आता अमेरिकेत असतात. दोन भारतीय कुटुंबं तिकडे मुलांचं लग्न परस्पर योजतात. रिशीला वाटतं, मुलीला सगळं ठाऊक आहे. पहिल्याच भेटीत तो तिला भावी पत्नी म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते. तिला बिचारीला कुणी काही सांगितलेलंच नसतं! मी खो खो हसलो.

नात हसली नाही. तिनं नुकतीच माझी पहिली, १९८९ सालची कादंबरी संपवली होती.

"आबा, तुझा हिरो दोन महिने रोज तिच्या बसस्टॉपवर उभा राहतो. तिला कुणी विचारलं का?"

"अगं, तेव्हा प्रेम असंच असायचं."

"तिच्यासाठीपण?"

रात्री मी ते प्रकरण काढून वाचलं. नायक अकरा पानं पावसात भिजतो. नायिकेच्या वाट्याला तीन वाक्यं. ती पदर सावरते, मान खाली घालते, बस पकडते. लिहिताना मी त्याला लाजणं समजलो होतो. वाचकांनीही तेच समजून कौतुकाची पत्रं पाठवली होती. ती भ्यायली असेल, ही शक्यता आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती.

या नव्या पुस्तकांवर माझे आक्षेप आहेत तसेच आहेत. पण त्यांतली चांगली पुस्तकं मुलांना एक गोष्ट शिकवतात. विचारायचं, आणि उत्तरासाठी थांबायचं.

मराठीत या वयाच्या वाचकाचं कपाट जवळजवळ रिकामं आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला चोर पकडण्यातून प्रेमात पडायला सवड झाली नाही. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) मात्र अव्वल. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर कोण विसरेल? पण तीही जोशीच सांगतो. शिरोडकरची 'शाळा' अजून कुणी लिहिलेली नाही.

माझ्या त्या कादंबरीची नवी आवृत्ती काढू या, असं प्रकाशक म्हणतायत. जुनं प्रकरण मी खोडणार नाही. ते मीच लिहिलं होतं. त्याच्यापुढे एक प्रकरण घालावं म्हणतो, बसस्टॉपवरच्या त्या मुलीचं. चार वेळा सुरुवात केली. चारही वेळा ती गप्पच उभी राहिली. आता नातीला विचारणार आहे.