सायलेन्सरशेजारची वायर

मे महिन्यात सावनेरच्या कोळसा खाणींकडून निघालेल्या ट्रकला बाहेरचे ४५ अंश फारसे जाचत नाहीत. खरा चटका बॉनेटखाली असतो. साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतच भरवशाचे. भरल्या गाडीचा एक्झॉस्ट मात्र ४०० च्याही पुढे जातो. नुसती झळ लागत असेल, तर वायरवर चढवायला ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असलेली स्लीव्ह घ्या. ती झळ परतवते, पण मळली की तिचा गुण जातो. तेल उडत असेल, तर सिलिकॉन चढवलेली काचतंतूंची बरी; ती सतत २६० अंश सोसते. हीच स्लीव्ह होजवर चढवायची असेल, तर माप होजचे नव्हे, टोकाच्या नटाचे घ्या, नाहीतर स्लीव्ह चढणारच नाही. आणि खर्चाआधी फुकटचा उपाय करा: वायर एक्झॉस्टपासून लांब सरकवून क्लिपने बांधा.