ईदी आणि निंजाची पायरी

ईदनंतर आमच्या मानवतच्या घरी धाकट्याने मोबाइलवरच्या निंजांच्या खेळात सगळी ईदी घातली. रागावण्याआधी आम्ही त्याच्या शेजारी बसून खेळ पाहिला. लढाया जिंकल्या की गुण मिळतात, पातळी वाढते, नवी कला खुली होते. इथवर ठीक, यातून सब्र शिकता येतो. पण पैसे भरले की मेहनतीशिवायच मोठे शस्त्र हाती येते. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ कथेतल्या रॉक लीला निंजुत्सू जमत नाही; तो रोजच्या सरावाने लढवय्या होतो. आम्ही धाकट्याला विचारले, “पैसे देऊन सूरह पाठ होते का रे?” तो ओशाळून हसला. खेळ बंद केलेला नाही. पैसे भरायचा पिन मात्र आता अम्मीकडे आहे.