परीक्षेच्या खोलीत नेट नसते
लेखमाला : सर्व्हरची वाट – लेखांक ५

मागच्या लेखांकात कोणती परीक्षा द्यावी हे पाहिले आणि लिनक्सच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी रेड हॅटची आरएचसीएसए ही पहिली पायरी ठरवली. आता प्रश्न अभ्याससाहित्याचा. अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या भागात राहून स्वतःच्या बळावर अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त जाचतो. तिकडे चुकीचे पुस्तक हाती पडले तर क्लासमधला कोणीतरी टोकतो. अहेरीहून जिल्ह्याचे ठिकाणच शंभर किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, लाईट जाते, रेंज जाते. अशा ठिकाणी घेतलेले साहित्य फुकट गेले तर पैशांबरोबर एक अख्खा हंगाम जातो. म्हणून साहित्य गोळा करण्याआधी ते कशाच्या आधारावर निवडायचे हे ठरले पाहिजे. माझे म्हणणे असे की हा आधार परीक्षेच्या स्वरूपातच आहे. तो नीट पाहिला तर दिसते की अहेरीसारख्या ठिकाणी परवडणारे साहित्यच या परीक्षेला सर्वांत जास्त जुळणारे आहे.

परीक्षेकडे पाहू. ईएक्स200 या क्रमांकाच्या या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडा असा प्रश्न नसतो. समोर चालू यंत्रे असतात आणि कामांची यादी असते : अमुक वापरकर्ता तयार करा, तमुक डिस्कचे भाग पाडा, ही सेवा यंत्र सुरू होताच आपोआप चालू होईल असे करा. गुण 300, उत्तीर्ण व्हायला 210. केलेले काम यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकले पाहिजे, नाहीतर त्याचे गुण नाहीत. खोलीत नेट मिळत नाही, वही-पुस्तक नेता येत नाही. मदतीला फक्त यंत्राबरोबर आलेले दस्तऐवज : मॅन पाने आणि युएसआर-शेअर-डॉक या फोल्डरमधला मजकूर. म्हणजे परीक्षार्थी सगळे पाठ करून येईल अशी अपेक्षाच नाही. अडल्यावर यंत्राच्या पोटातूनच उत्तर काढता यावे, ही अपेक्षा आहे.

एक काम जवळून पाहू. नवी डिस्क कायमची जोडायची म्हणून एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. तिच्यात सहा रकाने असतात आणि पहिल्या रकान्यात बहुधा डिस्कचा लांबलचक यूयूआयडी. त्यातले एक अक्षर चुकले तरी लिहिताना काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. यंत्र पुन्हा चालू केले की पडद्यावर दीड मिनिट वाट पाहणारी ओळ येते आणि मग यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन रूटचा पासवर्ड मागते. तो देऊन आत शिरायचे, मूळ फाइल-व्यवस्था नुसती वाचण्यासाठी जोडलेली असेल तर ती लिहिण्याजोगी करायची, चुकलेली ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा चालू करायचे. परीक्षेत हे जमले नाही तर चालूच न होणाऱ्या यंत्रावरचे बाकीचे काम तपासणार कसे? ही चूक टाळणारी आज्ञाही आहे : यंत्र बंद करण्याआधी ‘माउंट -ए’ चालवून पाहणे. बहुतेक पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. ती ओळ शंभरदा वाचून जी सवय लागत नाही, ती एकदा यंत्र स्वतःच्या हाताने आणीबाणीत घालून, घाम गाळून बाहेर काढले की लागते. साहित्याची पहिली कसोटी इथेच मिळते. जे साहित्य तुमच्याकडून यंत्र बिघडवून घेते आणि दुरुस्त करून घेते, ते घ्यावे. जे फक्त समजावून सांगते, ते दुय्यम मानावे.

याला अभ्यासाच्या शास्त्राचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होते, दोनदा वाचणाऱ्यांना 42. व्हिडिओबद्दलचा पुरावा याहून सावध करणारा आहे. कार्डास आणि ओ’ब्रायन यांच्या 2018 च्या अभ्यासात काहींना चकतीवर नेम धरून डार्ट फेकण्याचा व्हिडिओ एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीसदा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, नेम मात्र सुधारला नाही. चाळीस तासांचा व्हिडिओ कोर्स संपवून आरएचसीएसएला बसणाऱ्याचे नेमके हेच होते. सगळे ओळखीचे वाटते आणि हात कीबोर्डवर अडतो.

दुसरी कसोटी आवृत्तीची, आणि इथे लांब राहणाऱ्याची फसगत सर्वांत जास्त होते, कारण जुनी पुस्तके स्वस्तात हाती येतात. रेड हॅटची सातवी आवृत्ती 2014 मध्ये आली आणि सेवा चालवण्याची पद्धतच बदलली. ‘सीएचके-कॉन्फिग’च्या जागी ‘सिस्टिमसीटीएल’ आले, आयनिटटॅब फाइलीला अर्थ उरला नाही. सहाव्या आवृत्तीत सुरुवातीच्या ओळीला ‘सिंगल’ हा शब्द जोडून विसरलेला रूट पासवर्ड बदलता येई. पुढच्या आवृत्त्यांत तसे केले तर यंत्र तोच विसरलेला पासवर्ड मागते. शिवाय काही जुन्या आज्ञा नव्या यंत्रावरही चालत राहिल्या, त्यामुळे आपण कालबाह्य शिकतो आहोत हे लवकर ध्यानातही येत नाही. आठवी आवृत्ती 2019 ची, नववी 2022 ची, दहावी 2025 ची, आणि प्रत्येकीबरोबर परीक्षेची विषयसूची थोडी हलली. विंडोजकडे याहून मोठा बदल झाला : एमसीएसए ही जुनी ओळखीची पदवीच मायक्रोसॉफ्टने 31 जानेवारी 2021 ला बंद केली. तिच्या जाडजूड पुस्तकांतून ज्ञान मिळेल, परीक्षा मिळणार नाही. म्हणून सर्वांत आधी अधिकृत विषयसूची उतरवून छापून घ्यावी. ती फुकट मिळते आणि दोन-तीन पानांत मावते. पुस्तकाची अनुक्रमणिका तिच्याशी ताडून पाहावी, मगच खिशात हात घालावा. पुस्तक एकच पुरते. सँडर व्हॅन व्हुग्ट आणि असगर घोरी या दोघांची आरएचसीएसएवरची पुस्तके सरावकामांनी भरलेली आहेत, त्यांपैकी आपल्या आवृत्तीचे कोणतेही एक घ्यावे.

उरलेला सगळा पैसा आणि वेळ यंत्रावर लावावा. रेड हॅट एकट्या व्यक्तीला विकासकाची नोंदणी फुकट देते आणि 2021 पासून तिच्यावर सोळा यंत्रांपर्यंत चालवता येतात. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स तर नोंदणीशिवाय मिळतात. डीव्हीडीची पूर्ण आयएसओ फाइल आठ-दहा जीबीची असते, म्हणून ती एकदा नेट चांगले असेल तिथे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, पेनड्राइव्हवर घ्यावी. तिच्यातच हजारो पॅकेजेस असतात. ती फाइल जोडून तिथूनच सॉफ्टवेअर बसवता येते. नेट नसल्यामुळे नाइलाजाने शिकावे लागणारे हे काम, स्थानिक साठ्यातून पॅकेज बसवणे, विषयसूचीतच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन-दोन जीबी मेमरीची दोन आभासी यंत्रे आठ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात चालतात. जुना लॅपटॉप घेताना मात्र प्रोसेसर तपासावा. रेड हॅटची दहावी आवृत्ती साधारण 2013 नंतरच्या कोअर मालिकेवर चालते, पण त्यानंतरच्याही अनेक पेंटियम आणि सेलेरॉनवर चालत नाही. ‘एव्हीएक्स2’ आहे का, एवढे दुकानदाराला विचारायचे.

आता आक्षेप. पहिला, आणि खरा, इंग्रजीचा. मॅन पाने इंग्रजीत, तीही रुक्ष. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तिथे अडतो आणि हिंदीतल्या व्हिडिओंकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. पण परीक्षेतली कामेही इंग्रजीतच लिहिलेली असतात, तेव्हा हा डोंगर कधीतरी चढावाच लागतो, आणि मॅन पान हा त्यातला सर्वांत सोपा चढ आहे. प्रत्येक पानाची मांडणी जवळपास सारखी : नाव, वापर, वर्णन, पर्याय, कुठे कुठे उदाहरणे. शब्दसंग्रह लहान आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येणारे. या भागातली कितीतरी मुले घरी माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि बाजारात हिंदी चालवतात. त्यांना दोन-तीनशे तांत्रिक इंग्रजी शब्द अवघड जातील असे मला मुळीच वाटत नाही. सुरुवातीच्या टेकूसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी पाठ आहेत. ते छोटे आहेत, उतरवून ठेवता येतात, आणि पाठ थांबवत थांबवत सोबत स्वतः करत जायचे अशाच हिशेबाने ते बनवले आहेत. व्हिडिओला माझा विरोध नाही, नुसते पाहत बसण्याला आहे.

दुसरा आक्षेप डंपचा : मित्राने परीक्षेतले प्रश्न पाठ केले आणि तो पास झाला, मग एवढी मेहनत कशाला? पर्यायी प्रश्नांच्या परीक्षांत असे होत असेल. पण असे प्रश्न वापरणे जवळपास सगळ्याच संस्थांच्या नियमांविरुद्ध आहे आणि सापडल्यास प्रमाणपत्र रद्द होते. शिवाय जिथे यंत्रच चालवून दाखवायचे तिथे पाठ केलेल्या उत्तराचा आधार तोकडा पडतो, आणि नोकरीच्या पहिल्या रात्री सर्व्हर बसला की तो संपतोच. तिसरा आक्षेप, क्लास लावणाऱ्याला शिक्षक भेटतो. हे खरेच आहे आणि ज्याला नागपूर किंवा हैदराबादला राहणे परवडते त्याने जरूर लावावा. पण तिथेही घरी येऊन यंत्र बिघडवण्याचे तास विद्यार्थ्यालाच भरावे लागतात.

हे सगळे आरएचसीएसएला लागू आहे. इतर परीक्षांचा आकार वेगळा, म्हणून साहित्यही वेगळे. एलपीआयसी-1 मध्ये दोन पेपर आणि प्रत्येकी साठ प्रश्न. तिथे एलपीआयच्याच फुकट पीडीएफ पुस्तिका पुरेशा आहेत. विंडोज सर्व्हरच्या एझेड-800 सारख्या परीक्षांत 2023 पासून मायक्रोसॉफ्ट लर्नची पाने परीक्षा चालू असताना उघडता येतात, मात्र त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. तिथे कोणते पान कुठे आहे याची सवय हाच अभ्यासाचा एक भाग. विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची चाचणी आवृत्ती सरावाला पुरते.

पुढच्या आठवड्यात दोन आभासी यंत्रे उभी करून नेटशिवाय पहिला सराव सुरू करू. तोपर्यंत तीन गोष्टी तयार ठेवा : छापलेली विषयसूची, डीव्हीडीची पूर्ण आयएसओ असलेला पेनड्राइव्ह आणि प्रोसेसर तपासलेला लॅपटॉप. यंत्र बसवल्यावर ‘मॅन -के’ लिहून काहीच सापडले नाही तर घाबरू नका. ‘मॅनडीबी’ ही आज्ञा एकदा चालवा आणि पुन्हा शोधा.