वेंगर हवेत, वेंगर नकोत

आर्सेन वेंगर १९९६ ते २०१८ या काळात लंडनच्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर होते. १,२३५ सामने, तीन प्रीमियर लीग विजेतेपदे आणि सात एफए कप ही त्यांची जमेची बाजू. सात एफए कप इंग्लंडमध्ये दुसऱ्या कोणत्याही मॅनेजरच्या नावावर नाहीत. तरीही शेवटच्या काही वर्षांत आर्सेनलचे चाहते त्यांच्यावरून उभे दुभंगले. वेंगरांनी क्लब घडवला की अडकवून ठेवला, हा वाद ते गेल्यावरही संपलेला नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ‘मॅनेजर’ हा शब्द चकवू शकतो. क्रिकेट संघाचा मॅनेजर प्रवासाची, राहण्याची व्यवस्था पाहतो. इंग्लिश फुटबॉलमधला जुन्या धाटणीचा मॅनेजर म्हणजे प्रशिक्षक, निवड समिती आणि बराचसा कर्णधार असे सगळे एकाच माणसात. सराव कसा घ्यायचा, मैदानावर कोण उतरणार, कोणाला विकत घ्यायचे, कोणाला जाऊ द्यायचे, या सगळ्यांत त्याचाच शब्द अखेरचा. आर्सेनलमध्ये वेंगरांच्या हाती ही सत्ता इतरांपेक्षाही अधिक होती. त्यामुळे श्रेय आणि दोष, दोन्ही त्यांच्याच पदरात पडले.

वेंगर फ्रान्सच्या अल्सास प्रांतातले. आईवडिलांचे गावात खाण्यापिण्याचे छोटे दुकान होते. त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, १९८८ मध्ये मोनाकोला फ्रेंच लीग जिंकून दिली आणि नंतर जपानमध्ये नागोयाच्या संघाचे काम पाहिले. लंडनमध्ये ते आले तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणी ऐकले नव्हते. चष्मा लावणारा, हळू बोलणारा हा माणूस फुटबॉलवाल्यापेक्षा मास्तरच जास्त वाटे. १२ ऑक्टोबर १९९६ रोजी ब्लॅकबर्नला पहिला सामना २-० असा जिंकण्याआधीच त्यांनी खेळाडूंच्या ताटाला हात घातला होता. उकडलेल्या भाज्या, मासे आणि साधी कोंबडी आली, चॉकलेट गेले. संघाच्या बसमध्ये मागच्या बाकांवरून ‘आमची चॉकलेटं परत द्या’ असा गजर झाल्याची आठवण त्या वेळचे खेळाडू अजून सांगतात. सराव घड्याळ लावून, मोजक्या मिनिटांचा होऊ लागला. दारूला इंग्लिश फुटबॉलमध्ये तेव्हा मानाचे स्थान होते. संघाचा कर्णधार टोनी ॲडम्स याने आपण व्यसनी असल्याचे जाहीर कबूल करून जेमतेम काही आठवडे झाले होते.

वेंगरांनी काय साधले, हे ३ मे १९९८ च्या एका गोलमधून सर्वांत चांगले दिसते. आर्सेनल एव्हर्टनविरुद्ध ३-० ने पुढे होते आणि विजेतेपद जवळजवळ हाती आले होते. तेवढ्यात बचावपटू स्टीव्ह बोल्ड याने उंचावून चेंडू दिला, दुसरा बचावपटू ॲडम्स पुढे धावला, छातीवर चेंडू घेतला आणि डाव्या पायाने जाळ्यात मारला. चेंडू मिळाला की लांब भिरकावून द्यायचा, एवढेच ज्यांचे काम समजले जाई, ते तिशी ओलांडलेले दोघे आघाडीवीरांसारखे खेळले. त्यांना तसे खेळण्याची मुभा होती. वेंगर फार ओरडत नसत. मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये पहिली काही मिनिटे शांतता असे आणि मग ते थोडक्यात बोलत. मैदानावर खेळाडूने स्वतः विचार करावा, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या स्वभावाची आणखी एक खूण फेब्रुवारी १९९९ मधली. शेफील्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी तो प्रतिस्पर्ध्याला परत देण्याची रीत आहे. आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूने मात्र तो पळवला आणि ओव्हरमार्सने गोल केला. आर्सेनल २-१ ने जिंकले. सामना संपताच वेंगरांनी तो पुन्हा खेळण्याची तयारी दाखवली. दहा दिवसांनी सामना खरोखरच पुन्हा झाला, आणि निकाल पुन्हा २-१ लागला.

पुढचा काळ वैभवाचा होता. १९९८ आणि २००२ मध्ये लीग आणि एफए कप असा दुहेरी मान मिळाला. युव्हेंटसमध्ये बाजूला खेळणाऱ्या थिएरी ऑन्रीला वेंगरांनी मध्यभागी आणले, आणि त्याने क्लबसाठी विक्रमी २२८ गोल केले. २००३-०४ मध्ये ३८ सामन्यांत २६ विजय, १२ बरोबरी आणि एकही पराभव नाही. सलग ४९ लीग सामने अपराजित राहिल्यानंतर ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टरला ही मालिका तुटली. एवढ्यावर वेंगर निवृत्त झाले असते, तर वादाला जागाच उरली नसती.

२००६ मध्ये क्लब ३८ हजार आसनांचे हायबरी सोडून ६० हजारांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड, बराचसा कर्जाने उभा केलेला. त्याच सुमारास चेल्सीला रशियन अब्जाधीशाचा आणि २००८ पासून मँचेस्टर सिटीला अबू धाबीचा पैसा मिळू लागला. वेंगरांना मात्र चांगले खेळाडू विकून, कोवळी पोरे तयार करून घर चालवायचे होते. तरीही त्यांचा संघ सलग २० मोसम पहिल्या चारांत राहिला. त्यांची खरी कसोटी हीच होती. करंडकांच्या यादीत न दिसणारे हे काम २००४ च्या विक्रमाइतकेच अवघड म्हणावे लागेल.

चाहत्यांना हे पटेनासे झाले, त्यालाही सबळ कारणे होती. २००५ नंतर नऊ वर्षे एकही करंडक नव्हता. तिकिटे इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्यांपैकी. ऑगस्ट २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ८-२ असे धुतले, आणि पुढच्या वर्षी कर्णधार रॉबिन व्हॅन पर्सी त्याच क्लबला विकला गेला. त्याच्याच गोलांवर युनायटेडने २०१३ चे विजेतेपद मिळवले. मार्च २०१४ मध्ये वेंगरांच्या हजाराव्या सामन्यात चेल्सीने सहा गोल चढवले. सर्वांत बोचले ते २०१५-१६. सगळे धनाढ्य क्लब त्या मोसमात अडखळले, पण विजेतेपद लेस्टर सिटीने नेले, आर्सेनल दुसरे राहिले. स्टेडियमच्या कर्जाचा भार तोवर हलका झाला होता. तरी त्या मोसमाआधीच्या उन्हाळ्यात पहिल्या संघासाठी घेतलेला नवा खेळाडू एकच, गोलरक्षक पेत्र चेक. पैसा नाही, ही सबब तिथे चालत नाही.

वेंगरांचे समर्थक पहिल्या दहा वर्षांचा दाखला देतात, विरोधक शेवटच्या दहांचा, आणि ऐकणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटू लागतात. माणूस एकच होता, त्याची पद्धतही तीच. ॲडम्सला पुढे धावू देणारा विश्वास पुढे वर्षानुवर्षे त्याच त्या चुका करणाऱ्या खेळाडूंनाही मिळत राहिला. सुरुवातीला त्या मोकळिकीचा सांभाळ करायला ॲडम्स आणि पात्रिक व्हिएरासारखे कडक कर्णधार होते. ते गेल्यावर शांत मॅनेजरच्या संघात रागावणारे कोणी उरले नाही. पगारात फार तफावत नको, या आग्रहामुळे मधल्या दर्जाचे खेळाडू सुखाने टिकले आणि अव्वल खेळाडू जास्त पैसे देणाऱ्यांकडे गेले. आहार, सराव, परदेशी खेळाडूंची पारख, हे सगळे तोवर बाकीचेही शिकले होते. वेंगरांनी स्वतः नवे शिकवणारा, वेळी विरोध करणारा तगडा सहकारी जवळ ठेवला नाही. विरोधकांचा हा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे.

वाद किती टोकाला गेला, ते १८ मार्च २०१७ रोजी वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर आकाशातच दिसले. अकराच दिवसांपूर्वी बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून १०-२ असा धुव्वा उडवला होता. सामना सुरू असताना एक विमान वेंगरांना नवा करार देऊ नका, असा फलक ओढत गेले. दुसऱ्या विमानाच्या फलकावर वेंगरांवर विश्वास असल्याची ग्वाही होती. दोन्हींचा खर्च आर्सेनलच्याच चाहत्यांनी केला होता. खाली संघ १-३ ने हरला. दोन महिन्यांनी त्याच संघाने चेल्सीला हरवून एफए कप जिंकला आणि वेंगरांचा करार दोन वर्षांनी वाढला.

पुढच्या मोसमात स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या वाढल्या. २० एप्रिल २०१८ रोजी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. ६ मेला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आर्सेनलने बर्नलीविरुद्ध ५-० असा जिंकला, आणि निरोपाला दोन्ही गटांचे लोक उभे राहिले.

त्यांच्यानंतर आलेल्या उनाई एमरी यांना क्लबने मॅनेजर नव्हे, तर ‘मुख्य प्रशिक्षक’ केले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा अधिकार इतरांकडे गेला. डिसेंबर २०१९ मध्ये मिकेल आर्तेता त्याच पदावर आले, आणि २०२० मध्ये एफए कप जिंकल्यावर त्यांना पुन्हा मॅनेजर हे जुने पदनाम मिळाले. जुलै २०२३ मध्ये एमिरेट्सबाहेर लीगचा करंडक उंचावलेल्या वेंगरांचा पुतळा बसवला गेला, तेव्हा संघ आर्तेतांच्या हाती होता. २०११ च्या त्या ८-२ च्या पराभवानंतर तीनच दिवसांनी वेंगरांनी ज्यांना घाईघाईने विकत घेतले होते, त्या खेळाडूंपैकीच ते एक.