लोहगडवाडी : स्थान, लोकसंख्या आणि गणनेचे एकक

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले शेजारी उभे आहेत. त्यांच्यामधील गायमुख खिंडीलगत, लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी वसलेली आहे. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील मळवली स्थानकापासून भाजे गाव ओलांडून चढणाऱ्या वाटेने तेथे पोहोचता येते. येथील डोंगररांग इंद्रायणी व पवना या दोन नद्यांची खोरी विभागते. लोहमार्ग, महामार्ग व बाजारपेठा इंद्रायणीच्या बाजूस, तर पवना धरणाचा जलाशय दक्षिणेस आहे. गडाच्या गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा या चार दरवाजांकडे जाणारी पायऱ्यांची वाट वाडीपासूनच सुरू होते.

वस्तीचे स्थान नकाशावर दाखविणे सोपे आहे. तिची लोकसंख्या सांगणे मात्र तितके सोपे नाही. भारतीय जनगणनेत ग्रामीण भागाचे मूलभूत एकक महसुली गाव हे आहे. वाडी, पाडा, तांडा यांना स्वतंत्र महसुली दर्जा नसल्यास तेथील कुटुंबांची मोजणी मूळ गावातच होते. प्रगणकाच्या ढोबळ नकाशावर वाडीचे प्रत्येक घर असते, परंतु प्रसिद्ध होणाऱ्या कोष्टकात वाडीची ओळ नसते. २०११ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ नोंदली गेली. एवढ्या अचूक आकड्यात वाडीतील माणसे समाविष्ट आहेतच, पण ती वेगळी काढता येत नाहीत. अमेरिकेत नगरपालिका नसलेल्या वस्त्यांसाठी १९८० पासून ‘जनगणना-निर्दिष्ट स्थळ’ ही संज्ञा वापरली जाते. तिची हद्द केवळ आकडेवारीपुरती आखलेली असते, तिला प्रशासकीय अधिकार नसतात. आपल्याकडे ग्रामीण वाड्यांसाठी अशी सोय नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ वाड्यांची दखल घेतो. महसुली गावांच्या अथवा वाड्यांच्या समूहासाठी पंचायत स्थापन करता येते. म्हणजे कारभाराच्या कायद्यात वाडीला स्थान आहे आणि लोकसंख्येच्या कोष्टकात नाही, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. पाणी, रस्ता, अंगणवाडी यांचे निकष लोकसंख्येशी जोडलेले असतात. मतदारयादी काही अंशी उपयोगी पडते, पण तीत अठरा वर्षांखालील कोणी नसते. अंगणवाडीची गरज नेमकी त्यांनाच असते.

लोहगडवाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. पावसाळ्यात, विशेषतः सुटीच्या दिवशी, गडावर येणाऱ्यांची गर्दी मोठी असते. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली व तिचा संदर्भक्षण १ मार्चची मध्यरात्र हा होता. गणना नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी होत असल्याने पर्यटक त्यांच्या स्वतःच्या गावी मोजला जातो, आणि ते योग्यही आहे. तथापि वाहनतळ, कचरा, स्वच्छतागृहे यांवरील भार त्या आकड्यात दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या बारा किल्ल्यांच्या समूहात लोहगडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

२०२१ ची जनगणना महामारीमुळे लांबली. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जून २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आला. ही गणना अंकीय साधनांनी करावयाची आहे. घरनिहाय नोंदीत वस्तीचे नाव नोंदवून वाडीनिहाय बेरीज प्रसिद्ध करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तोपर्यंत महाविद्यालयांच्या भूगोल व समाजशास्त्र विभागांना क्षेत्रअभ्यासात घरोघरची पाहणी करून हा आकडा मिळविता येईल. मात्र वाडीतील रहिवासी आणि हंगामी व्यवसायासाठी बाहेरून येणारे यांची नोंद त्यात वेगवेगळी ठेवावी लागेल.